लातूरच्या उन्हाळ्यात सुलकाटा कासवाला पाणी किती आणि कसे द्यावे?

प्रश्न (लातूर)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी सुलकाटा, म्हणजे आफ्रिकन स्पर्ड, जातीचे एक कासव आहे. वजन साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास असून कवचाची लांबी वीतभराहून थोडी कमी आहे. खरेदीची कागदपत्रे जपून ठेवलेली आहेत आणि परदेशी प्राण्यांच्या नोंदणीविषयीच्या २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही केलेली आहे. त्यामुळे चर्चा कृपया त्या दिशेला न जाता पाण्याच्या प्रश्नावर राहावी, ही विनंती.

ज्यांच्याकडून हे कासव घेतले, त्यांनी सांगितले होते की हा वाळवंटी प्राणी आहे, त्याच्यासमोर पाण्याचे भांडे ठेवू नये, पाल्यातून मिळते तेवढे पाणी त्याला पुरते. हिवाळा संपेपर्यंत काही अडचण जाणवली नाही. मार्चअखेरीपासून मात्र ते सकाळी थोडेसे खाऊन दिवसभर कोपऱ्यात मान आत ओढून पडून राहते. विष्ठेबरोबर जो पांढरा भाग पडतो तो पूर्वी मलईसारखा असे. आता तो घट्ट पडतो आणि चिमटीत चोळून पाहिल्यास बारीक वाळूसारखा खरखरीत लागतो. डोळे खोल गेलेले दिसत नाहीत. वजन थोडे उतरले आहे.

आमची खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली आहे. दुपारी कूलर चालू असतो. नळाला पाणी बऱ्याच दिवसांच्या अंतराने येते, एरवी बोअरचे पाणी वापरतो आणि त्याने बादल्यांवर पांढरा थर बसतो. भांडे ठेवावे की अंघोळ घालावी, बोअरचे पाणी चालेल का, आणि कूलरच्या हवेने फायदा होतो की तोटा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)

दादा, 'वाळवंटी प्राण्याला पाणी नको' हे वाक्य कासव विकणाऱ्यांच्या तोंडी इतके बसले आहे की त्याचा उगम शोधण्यात अर्थ नाही. सुलकाटा हा सहाराच्या दक्षिण कडेने, सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत पसरलेल्या साहेल पट्ट्यातला प्राणी आहे, हे खरे. पण तेथे तो उघड्या वाळूत ऊन खात बसत नाही. कोरड्या, तापलेल्या महिन्यांत तो जमिनीत खोल बीळ खणून आत राहतो, आणि त्या बिळाच्या तळाशी मातीत ओल असते, हवा दमट असते. पाऊस पडला की तो बाहेर येऊन साचलेले पाणी पोटभर पितो. आपण त्याला फरशीवर ठेवतो, म्हणजे बीळ काढून घेतो आणि उन्हाळा मात्र तसाच ठेवतो.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. बांधकामावर वापरतात तसले प्लास्टिकचे घमेले घ्या. पारदर्शक टब नको, कारण पलीकडचे दिसत राहिले की कासव भिंतीला धडका देत बसते आणि पिण्याचे राहूनच जाते. त्यात कोमट पाणी घाला. मनगट बुडवून पाहिल्यावर किंचित ऊबदार वाटेल इतपत, मोजायचेच झाले तर ३० ते ३४ अंश सेल्सिअस. पाण्याची पातळी पोटाकडचे आणि पाठीकडचे कवच जेथे जुळते तेथपर्यंत असावी आणि मान सहज पाण्याबाहेर राहायला हवी. जमिनीवरची कासवे पोहत नाहीत. खोल पाण्यात ती सरळ बुडतात, म्हणून त्याला घमेल्यात ठेवून दुसऱ्या कामाला निघून जाऊ नये.

पहिली काही मिनिटे ते बावरलेले असते. मग मान लांब करून नाक पाण्यात बुडवते आणि घशाखालची सैल कातडी धपापू लागते. हे दिसले की समजावे, कासव पाणी पीत आहे. अशा वेळी त्याला हात लावू नये, उचलू नये, मोबाईल घेऊन तोंडाशी जाऊ नये. वीस ते तीस मिनिटे पुरेत. बहुतेक वेळा ते पाण्यातच विष्ठा आणि लघवी करते, आणि ते चांगलेच आहे, कारण तुम्हाला पांढऱ्या भागावर नजर ठेवता येते. पाणी फार घाण झाले तर बदलून पुन्हा पाच-दहा मिनिटे ठेवावे. तुमच्या कासवाच्या आकाराला या दिवसांत एक दिवसाआड अंघोळ घालावी. पांढरा भाग मऊ होईपर्यंत रोज घातली तरी चालेल. पूर्ण वाढलेल्या, अंगणात राहणाऱ्या कासवाला आठवड्यातून एक-दोनदा पुरते. नुकत्या जन्मलेल्या पिलाला मात्र रोज लागते, कारण लहान शरीरातले पाणी फार लवकर उडून जाते.

भांड्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: भांडे हवेच. कुंडीखाली ठेवतात तसले मातीचे पसरट परळ घ्यावे आणि ते जमिनीच्या पातळीला येईल असे मातीत बसवावे, म्हणजे कासवाला काठ चढावा लागत नाही आणि ते उलटे पडत नाही. दोन-तीन सेंटीमीटर पाणी भरपूर झाले. ते त्यात जाऊन बसेल, घाण करील, तुम्हाला रोज घासावे लागेल. त्याला इलाज नाही. घमेले आणि परळ स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका आणि हात साबणाने धुवा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू येऊ शकतात. घरात लहान मुले असतील तर हे विशेष सांभाळावे.

उत्तर २ (परभणी, पशुवैद्यक)

वरील उत्तर योग्य आहे. मी त्यामागची शारीरिक कारणे मांडतो, कारण ती कळली की काय महत्त्वाचे आणि काय दुय्यम हे आपोआप ठरवता येते.

आपल्या शरीरातील नत्राचा टाकाऊ भाग युरियाच्या रूपाने पाण्यात विरघळून बाहेर जातो, त्यामुळे त्यासाठी पाणी खर्ची पडते. जमिनीवरची कासवे तो प्रामुख्याने युरिक आम्लाच्या रूपाने टाकतात. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून थोड्या पाण्यात भागते. आपण ज्याला पांढरा भाग म्हणता ते हेच युरेट क्षार होत. कासवाचे मूत्राशय पाण्याचा साठा म्हणूनही काम करते: बाहेरून पाणी मिळाले नाही तर शरीर मूत्राशयातले पाणी परत ओढून घेते. या सोयीमुळेच पाण्याची कमतरता बरेच दिवस बाहेरून दिसत नाही आणि पाळणाऱ्याला वाटते की याला पाणी लागतच नाही. आत मात्र पाणी ओढले गेल्यावर युरेट मागे उरतात, घट्ट होतात, त्यांचे कण बनतात आणि पुढे त्याचा मुतखडाही होऊ शकतो. खडा मोठा झाला की शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते.

म्हणून पांढरा भाग मलईसारखा किंवा टूथपेस्टसारखा मऊ असणे ठीक. चोळल्यावर कण लागणे ही आधीची सूचना. खोल गेलेले डोळे, तोंडात चिकट तार येणारी लाळ, मानेवरची ढिली व सुरकुतलेली कातडी, पाय ओढत चालणे, ही लक्षणे उशिरा दिसतात. आपल्याकडे डोळे ठीक आहेत, पण वजन उतरले आहे आणि खाणे कमी झाले आहे, ही दोन्ही चिन्हे खरखरीत युरेटच्या जोडीने आली आहेत, त्यामुळे मी वाट पाहण्याचा सल्ला देणार नाही. आठवडाभर रोजच्या अंघोळीनंतरही युरेट खरखरीतच राहिले, किंवा कासव जोर लावत असूनही काही बाहेर पडत नसले, तर एक्स-रे काढून घ्यावा. उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ पडेल, परभणीचेही आहेच. जाण्यापूर्वी सरपटणारे प्राणी तपासणारे कोणी आहे का, याची फोनवरून खातरजमा करावी.

दोन गोष्टी घरी मुळीच करू नयेत. सिरिंजने जबरदस्तीने तोंडात पाणी सोडू नये, कारण ते श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. आणि माणसांसाठीच्या ओआरएसची पुडी मनाने अंघोळीच्या पाण्यात मिसळू नये. बेताच्या कमतरतेला साधे कोमट पाणी पुरते. फार अशक्त झालेल्या जनावराला कातडीखालून सलाईन द्यावे लागते आणि त्याचे प्रमाण वजनावरून ठरते, ते काम डॉक्टरांकडेच राहू द्यावे.

वजनाची वही ठेवा. स्वयंपाकघरात वापरतात तसला इलेक्ट्रॉनिक काटा वेगळा आणून, आठवड्याच्या एका ठरलेल्या दिवशी, अंघोळीपूर्वीच वजन करावे. अंघोळीनंतर केलेले वजन पिलेल्या पाण्याने वाढलेले आणि विष्ठा गेल्याने घटलेले असते, त्यावरून काहीच समजत नाही.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचेच सदस्य)

डॉक्टरसाहेबांनी मूत्राशयाचे नेमके सांगितले. कूलर आणि हवेविषयी राहिले होते, ते आता लिहितो. माझ्या मते मराठवाड्यात निम्मा प्रश्न हवेचा आहे.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारची आर्द्रता अनेकदा वीस टक्क्यांच्या आसपास येते. अशा हवेत श्वासावाटे आणि कातडीवाटे पाणी सतत जात राहते आणि वाढत्या कासवाचे कवचही बिघडते. २००३ साली व्हिएन्नातील संशोधकांनी याच सुलकाटा जातीच्या पिलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. कवचावरचे खण पिरॅमिडसारखे उंच वाढण्यामागे आहारातील प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा वाटा मोठा असल्याचे त्यात दिसले. त्याआधी सगळा दोष खाण्याला दिला जात असे.

कूलर पाण्यावर चालत असल्याने खोलीत ओलावा आणतो, त्या अर्थाने तो एसीपेक्षा कासवाला बरा, कारण एसी हवा कोरडी करतो. मात्र कूलरचा झोत थेट कासवावर नको. खिडकी थोडी उघडी ठेवून हवा खोलीत फिरू द्यावी. याहून चांगला उपाय म्हणजे बिळाची नक्कल. तडा गेलेला रांजण किंवा मोठा माठ आडवा ठेवून अर्धा मातीत पुरावा, वरून माती लोटावी, आत माती आणि नारळाच्या काथ्याचा भुगा यांचा जाड थर द्यावा. पाणी थराच्या तळाशी मुरेल असे कडेने ओतावे. वरचा थर चिखल होता कामा नये, नाहीतर पोटाकडचे कवच कुजते. तोंडावर ओल्या गोणपाटाचा तुकडा सोडला की आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी गार आणि दमट राहते. आपल्या आजीने दुपारी माठाभोवती ओले फडके गुंडाळावे, तेच हे शास्त्र. एक साधा आर्द्रतामापक आत ठेवून पाहा. साठ टक्क्यांच्या वर आकडा राहिला की काम झाले. वरच्या मजल्यावर जमीन नसेल तर मोठ्या लाकडी खोक्यात माती भरून हेच करता येते, फक्त स्लॅबच्या वजनाचा विचार करावा. आणि शक्य असेल तर कासवाला खालच्या मजल्यावर हलवा. मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखालची खोली माणसालाही सोसत नाही.

उत्तर ४ (बीड, तुती लागवड)

आमच्याकडे रेशीम शेती आहे आणि घरी दोन कासवे आहेत, म्हणून चाऱ्याविषयी लिहितो. कासवाच्या शरीरात जाणाऱ्या पाण्याचा बराच भाग पाल्यातून येतो, पण पाला कोणता हे पाहावे लागते.

सुलकाटा मुख्यतः गवत खाणारे कासव आहे. ताजी हरळी मिळाली तर उत्तम. ती पाण्यात बुचकळून, पाणी निथळू न देताच समोर ठेवावी. उन्हाळ्यात ओले गवत मिळत नाही म्हणून अनेक जण वाळलेला चारा देतात, त्याला हरकत नाही, पण तो भिजवून द्यावा. ज्वारीच्या कोवळ्या पाल्यापासून मात्र दूर राहावे. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि त्याने जनावरे दगावतात, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही; कासवावर तो प्रयोग करण्याचे कारण नाही.

तुतीचा पाला कासवे आवडीने खातात. रेशीम शेतकऱ्याकडून घेतलेल्या पाल्याचा एक फायदा असा की अळ्या मरतात म्हणून तुतीवर कीटकनाशक फवारण्याची कोणाची हिंमत होत नाही. तरीही शेजारी कापूस असेल तर फवारा वाऱ्याने येऊ शकतो, म्हणून धुऊनच द्यावा. जास्वंदीची पाने व फुले चालतात. बांधावरच्या फड्या निवडुंगाचे पान तर उन्हाळ्यासाठी फार उपयोगी, कारण त्यात नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणी असते. काटे काढल्यावर पान जाळावर फिरवून घ्यावे, म्हणजे हाताला न दिसणारी बारीक कुसळेही जळून जातात.

पालक रोज देऊ नये. त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवते. काकडी पाण्यापुरती ठीक आहे, पोषण फारसे नाही. टरबूज गोड असते आणि गवतावर जगणाऱ्या आतड्याला साखर सोसत नाही. डाळ-पोळी आणि कुत्र्याचे खाद्य देणारेही पाहिले आहेत. जास्त प्रथिने म्हणजे जास्त युरिक आम्ल, म्हणजे डॉक्टरसाहेबांनी वर सांगितलेलाच त्रास वाढवणे.

उत्तर ५ (धाराशिव)

या निमित्ताने विचारतो. आमच्या शेतात पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले एक छोटे कासव सापडले असून मुलांनी ते घरी आणले आहे. त्यालाही अशीच अंघोळ घालावी का?

उत्तर ६ (परभणी, पशुवैद्यक)

काका, आपण वर्णन केलेले कासव बहुधा तारांकित कासव आहे. त्याचा नैसर्गिक मुलूख गुजरात-राजस्थान आणि दक्षिणेकडे कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू असा आहे, त्यामुळे आपल्या शेतात ते कोणी तरी सोडलेले किंवा कोणाकडून निसटलेले असण्याचा संभव अधिक. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. ते घरी ठेवणे हा गुन्हा आहे, मग ते विकत घेतलेले असो वा सापडलेले. एका उथळ ताटलीत पाणी ठेवून त्याला सावलीत खोक्यात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मुलांना रागावू नका, पण आजच कळवा. विहिरीत सोडलेल्या कासवांनाही हाच कायदा लागू होतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मूळ प्रश्नातील बोअरच्या पाण्याविषयी: पाणी नुसते जड असेल, म्हणजे बादलीवर थर बसत असेल पण चवीला खारट नसेल, तर अंघोळीला चालते. जिभेला खारट लागत असेल तर पिण्याचे पाणीच वापरावे. एका अंघोळीला दोन-तीन लिटर लागतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात याचा हिशेब मनात येणारच. वापरलेले पाणी लिंबाच्या आळ्यात ओतावे, पालेभाजीला घालू नये. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी वाचवून ते कासवाला देण्याची कल्पना काही जण मांडतात, ती टाळावी. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त एकवटलेले असतात. छतावरच्या टाकीचे पाणी मेमध्ये दुपारी चटका बसेल इतके तापते, त्यामुळे हाताने पाहिल्याशिवाय नळ थेट घमेल्यात सोडू नये.

प्रश्नकर्ते (लातूर)

सर्वांचे आभार. कासव खालच्या खोलीत हलवले आहे आणि अंघोळ सुरू केली आहे. पहिल्याच वेळी ते बराच वेळ पाणी पीत होते. एक्स-रेसाठी उदगीरला न्यायचे ठरल्यास प्रवासात काय काळजी घ्यावी? शिवाय पावसाळा आणि हिवाळ्यात हेच वेळापत्रक ठेवायचे का?

उत्तर ७ (परभणी, पशुवैद्यक)

निघण्यापूर्वी पहाटे अंघोळ घालावी, कारण प्रवासात हाताळल्याने घाबरून कासव मूत्राशय रिकामे करते आणि साठवलेले पाणी एकदम जाते. हवेसाठी भोके पाडलेल्या, झाकणाच्या खोक्यात ओला करून पिळलेला टॉवेल अंथरावा. खोके आसनाखाली सावलीत ठेवावे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत क्षणभरही सोडू नये. तेथे पोहोचल्यावर ताज्या विष्ठेचा पांढरा भाग एका डबीत घेऊन गेलात तर तपासणाऱ्याला मदत होईल. घरी परतल्यावर पुन्हा अंघोळ.

जुलै-ऑगस्टमध्ये हवा आपोआप दमट असते, तेव्हा आठवड्यातून दोनदा पुरे आणि बिळातली माती वेगळी भिजवण्याची गरज नाही. हिवाळ्यात अंघोळ सकाळी ऊन चढल्यावरच घालावी, कासव कोरड्या फडक्याने टिपून तासभर उन्हात, अर्धी सावली मिळेल अशा जागी सोडावे, आणि संध्याकाळी ओले कासव गार खोलीत कधीही ठेवू नये. परभणीच्या थंडीत ओल आणि गारवा एकत्र आले की नाकातून फेस येणारी कासवे आमच्याकडे येतात. सुलकाटा शीतनिद्रा घेणाऱ्यांपैकी नाही, म्हणून थंडीत ते निपचित पडले तर ते झोपले आहे असे समजून पाणी बंद करू नये. आधी ऊब द्यावी, मग कोमट पाण्यात ठेवावे.